मीडियम फॉरमॅट डिजिटल कॅमेऱ्यांच्या इमेज क्वालिटीत आणि रंगांत खरंच फरक असतो का? हॅसलब्लाड घ्यावा की फुजीफिल्म?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: तुम्ही सध्या निकॉन झेड ७ वर पैठण्या आणि हातमागाच्या साड्यांचे कॅटलॉग शूट करता, मधूनमधून चित्रकारांच्या कॅनव्हासचेही फोटो काढता. आता हॅसलब्लाड एक्स२डी १००सी घ्यावा की फुजीफिल्म जीएफएक्स १००एस, हा पेच आहे. शिवाय कुणीतरी डोक्यात भरवलंय की जुन्या सीसीडी बॅकचे (सीसीडी ही सेन्सरची जुनी जात, बॅक म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे जोडायचा सेन्सरचा डबा) रंग आताच्या कॅमेऱ्यांत येतच नाहीत. मीही पुण्यात कापड आणि दागिन्यांचंच शूट करतो आणि या दोन्ही कॅमेऱ्यांवर काम केलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी निकाल सांगून टाकतो. या दोघांच्या इमेज क्वालिटीत फरक शोधायला भिंग घेऊन बसावं लागतं. रंगांत फरक दिसतो, अगदी पहिल्या फोटोपासून दिसतो, पण त्याचा उगम बहुतांशी सॉफ्टवेअरमधल्या प्रोफाइलमध्ये आहे. आणि तुमच्या झेड ७ च्या पुढे हे दोन्ही कॅमेरे आहेत खरे, मात्र साडीच्या कॅटलॉगमध्ये ती आघाडी फारशी पोचत नाही. कॅनव्हासच्या कामात पोचते.

आता कारणं. ज्याला आज आपण सरसकट मीडियम फॉरमॅट (फुल फ्रेमपेक्षा मोठा सेन्सर) म्हणतो त्यात दोन मापं आहेत. फुजीचे सगळे जीएफएक्स, हॅसलब्लाडची एक्स मालिका आणि पेन्टॅक्स ६४५झेड यांचा सेन्सर साधारण ४४ × ३३ मिलिमीटरचा. फेज वनच्या आयक्यू४ सारख्या बॅकचा साधारण ५४ × ४०. फुल फ्रेम, म्हणजे तुमचा झेड ७, ३६ × २४ चा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. ४४ × ३३ वाला जवळजवळ १४४० चौरस मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन पटीच्याही आतच. स्टॉपच्या हिशेबात (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) हा फरक पाऊण स्टॉपसुद्धा पुरता भरत नाही. फिल्मच्या काळात ३५ मिलिमीटरवरून १२० च्या रोलवर गेलं की उडी मोठी असायची, ती डोक्यात ठेवून लोक या कॅमेऱ्यांबद्दल बोलतात. त्या रोलवरची ६४५ मापाची फ्रेम ५६ × ४१.५ होती. आजचा ‘मीडियम’ तिच्यापेक्षा बराच लहान आहे.

दुसरी गोष्ट जाहिरातीत येत नाही. जीएफएक्स १०० मालिका, एक्स२डी, फेज वनचा १५० मेगापिक्सेलचा बॅक आणि सोनीचा ६१ मेगापिक्सेलचा ए७आर ४, या सगळ्यांच्या पिक्सेलची रुंदी एकच आहे: ३.७६ मायक्रॉन. सेन्सर सोनीचे, एकाच पिढीचे. त्यामुळे १०० टक्के झूम करून पिक्सेलला पिक्सेल लावून बघितलं तर महागड्या कॅमेऱ्यात काही जादू दिसत नाही, आणि मग लोक वैतागतात. फरक आहे तो पिक्सेलच्या संख्येत. तोच फोटो, तेवढाच मोठा छापला की प्रत्येक पिक्सेल कमी ताणावा लागतो, म्हणून नॉइज बारीक दिसतो आणि लेन्सच्या चुकाही कमी मोठ्या होतात. तुलना करायची तर दोन्ही फोटो एकाच आकाराला आणून करा, नाहीतर ती तुलनाच नाही.

तुमच्यासाठी यात एक मेख आहे. झेड ७ चा बेस आयएसओ (सेन्सरची मूळ, सगळ्यात स्वच्छ संवेदनशीलता) ६४ आहे, मूळ जीएफएक्स १०० आणि १००एस चा १००. स्टँडवर कॅमेरा, हवा तेवढा फ्लॅश, अशा कामात तुम्ही ६४ ला सेन्सर काठोकाठ भरता. मोठ्या सेन्सरची जी पाऊण स्टॉपची आघाडी, तिच्यातली बहुतेक या ६४ आणि १०० च्या फरकात संपते. एक्स२डी चाही बेस ६४ आहे, म्हणून त्याची आघाडी शिल्लक राहते. फुजीने जीएफएक्स १०० २ आणि १००एस २ मध्ये बेस ८० वर आणला. म्हणजे सावलीतल्या स्वच्छतेत एक्स२डी थोडा पुढे आहे, हे कागदावर तरी खरं. काळ्या चंद्रकळेची घडी तीन स्टॉप वर ओढली तेव्हा मला तो फरक दिसला. नेहमीच्या एक्सपोजरला दिसला नाही.

१६ बिटचं प्रकरण तर लवकर निकालात काढू. १४ बिट म्हणजे उजेड नोंदवायच्या १६,३८४ पायऱ्या, १६ बिट म्हणजे ६५,५३६. ऐकायला चौपट. पण खालच्या पायऱ्या नॉइजच्या गाळातच असतात, त्यामुळे दोन फायली शेजारी ठेवून १६ बिटची कुठली हे ओळखणारा माणूस मला अजून भेटायचाय. फुजीत १६ बिट लावलं की शूटिंगचा वेग पडतो आणि फाइल २०० एमबीच्या घरात जाते. मी १४ वर ठेवतो.

आता छपाईचा हिशेब करा, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. ए४ चं पान ३०० डीपीआयला छापायला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, पुरते नऊ मेगापिक्सेलही नाहीत. झेड ७ तुम्हाला ८२५६ × ५५०४ देतो. कॅटलॉगच्या पानासाठी तुमच्याकडे आजच पाचपट माल आहे. वेबसाइटवर तर विचारायलाच नको. पण कॅनव्हास घ्या. चित्रकाराला मूळ मापाची जिक्ली (उंची इंकजेट) प्रिंट हवी असते, तीन फुटांचं चित्र तीन फुटांनाच. तिथे जीएफएक्सचे ११६४८ × ८७३६ पिक्सेल ३०० डीपीआयला जवळजवळ ३९ × २९ इंच देतात, झेड ७ चे साडेसत्तावीस × अठरा. शिवाय बहुतेक कॅनव्हास ४:३ किंवा ५:४ च्या आसपास असतात. ३:२ च्या फ्रेममध्ये त्यांच्या दोन्ही बाजूंना जागा वाया जाते, ४:३ मध्ये बहुतेक सगळी फ्रेम वापरली जाते. म्हणून या कामात मीडियम फॉरमॅटचा फायदा मेगापिक्सेलच्या आकड्यापेक्षाही थोडा जास्तच मिळतो.

बारीक विणीच्या कापडात मोआरे हा वेगळाच ताप. या कॅमेऱ्यांवर लो-पास फिल्टर (अतिबारीक तपशील किंचित पुसट करणारी काच) नसतो, तसा तो तुमच्या झेड ७ वरही नाही. रेशमाची वीण आणि पिक्सेलची ओळ एकमेकांना भिडली की इंद्रधनुषी लाटा उठतात. १०० मेगापिक्सेलवर त्या कमी होतात, संपत नाहीत. ५० मेगापिक्सेलच्या जुन्या पिढीवर, म्हणजे जीएफएक्स ५०एस, ५०आर, एक्स१डी, ६४५झेड यांवर, मला त्या जास्त सतावतात. सेकंडहँड बाजारात हे कॅमेरे मोहात पाडतील, तेव्हा घेण्याआधी त्यांच्यावर एखादी प्लेन सिल्क टाकून बघा. मोआरे आलाच तर कॅमेरा वीतभर पुढेमागे घ्या किंवा अॅपर्चर एफ १६ ला न्या. डिफ्रॅक्शनने फोटो किंचित मऊ होतो आणि लाटा विरतात.

आता रंग. इथे थोडं थांबूया, कारण तुमचा खरा प्रश्न हाच आहे.

सेन्सरला रंग कळत नाही. त्याच्यावर लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरचं जाळं असतं (फुजीच्या लहान कॅमेऱ्यांत एक्स-ट्रान्स असतं, जीएफएक्समध्ये मात्र साधं बायर), आणि त्यातून येतात फक्त आकडे. त्या आकड्यांना ‘हा डाळिंबी, हा राणी’ असं ठरवतं ते कॅमेऱ्याचं किंवा रॉ कन्व्हर्टरचं (सेन्सरच्या कच्च्या फायलीतून फोटो बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं) प्रोफाइल. फिल्मच्या दिवसांत एकच निगेटिव्ह दोन लॅबना दिली की दोन रंगांच्या प्रिंट यायच्या, ते तुम्हाला आठवत असेल. हॅसलब्लाडची लॅब म्हणजे त्यांचं नॅचरल कलर सोल्युशन. विषय कुठलाही असो, एकच प्रोफाइल, आणि तेही शक्य तितकं मूळ रंगाच्या जवळ, थोडं संयमी. फुजीची लॅब म्हणजे फिल्म सिम्युलेशन: प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अॅस्टिया, क्लासिक क्रोम आणि जीएफएक्स १०० २ बरोबर आलेलं रिअला एस. तिथे तुम्ही आवडनिवड करता. प्रोव्हियाला फुजी ‘स्टँडर्ड’ म्हणते, पण तेही मापून दाखवलेलं नाही, डोळ्याला गोड वाटेल असं आहे.

एक उदाहरण देतो. येवल्याची धूपछांव पैठणी होती. उभा धागा जांभळा, आडवा लाल, त्यामुळे घडीच्या एका बाजूने वांगी रंग आणि दुसऱ्या बाजूने कुंकवाकडे झुकणारा लाल. पदरावर मोर, काठाला जर. एकाच स्टँडवर आळीपाळीने दोन्ही कॅमेरे लावले, दोन्हींवर १२० मिलिमीटरची मॅक्रो, तोच फ्लॅश, तेच अॅपर्चर. कॅमेऱ्यातून थेट निघालेल्या जेपेगमध्ये फरक कुणालाही दिसला असता. फुजीच्या प्रोव्हियात लाल बाजूच्या घडीचा जिथे उजेड जास्त होता तिथे रंग केशरीकडे सरकला होता, आणि जांभळा छान गडद, फोटोत उठून दिसणारा. हॅसलब्लाडमध्ये लाल शेवटपर्यंत लालच राहिला, पण एकूण साडी जरा सौम्य, दुकानाच्या काउंटरवर दिसते तशी.

लाल केशरीकडे का सरकतो? कॉन्ट्रास्ट वाढवणारा टोन कर्व्ह लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनेलला वेगवेगळा लावला की असं होतं. लाल चॅनेल वरच्या टोकाला दबतो, हिरवा अजून चढत असतो, आणि दोघांचं प्रमाण बिघडतं. प्रमाण बिघडलं की रंगाची जातच बदलते. हे फुजीचंच असं नाही, कुठल्याही भडक प्रोफाइलमध्ये, मोबाइलमध्येसुद्धा, हेच चालू असतं.

मग दोन्ही कॅमेऱ्यांनी, त्याच उजेडात, २४ चौकोनांच्या कलर चार्टचा एकेक फोटो घेतला, दोघांचं स्वतंत्र प्रोफाइल बनवलं आणि दोन्ही रॉ फायली एकाच सॉफ्टवेअरमध्ये, त्या त्या प्रोफाइलने उघडल्या. फरक जवळजवळ गळून पडला. जांभळ्यात किंचित राहिला, तोही शेजारी शेजारी ठेवल्यावर. दुकानाच्या मालकीणबाईंना स्क्रीनवर दोन्ही दाखवले आणि विचारलं, “काकू, यातला तुमच्या साडीसारखा कुठला?” त्या चष्मा सारखा करत म्हणाल्या, “दोन्ही सारखेच आहेत की हो. पण जर अशी काळवंडल्यासारखी का दिसतेय?”

त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. जर आरशासारखी असते, समोर जे असेल ते दाखवते. समोर काळा पडदा असेल तर जर काळी, पांढरा थर्माकोल असेल तर सोनेरी. एका बाजूला चार फुटांचं पांढरं शीट उभं केलं आणि काठ उजळला. कॅमेऱ्याच्या दोन ब्रँडमधला जो काही फरक होता, त्याच्या कितीतरी पट फरक त्या शीटने पडला.

उजेडाचंही तसंच. बाजारातल्या स्वस्त एलईडी पॅनलवर ‘सीआरआय ९५’ लिहिलेलं असतं (सीआरआय म्हणजे त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप). तो आकडा फिकट रंगांच्या आठ नमुन्यांची सरासरी आहे. गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, त्या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे सीआरआय झकास आणि आर९ दरिद्री असा दिवा सहज मिळतो, आणि मराठी लग्नाच्या साड्यांत लाल, डाळिंबी, राणी हेच तर भरलेलं असतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? दिव्यात लाल नसेल तर हॅसलब्लाडही तो आणू शकत नाही. झेनॉन फ्लॅशचा स्पेक्ट्रम सलग असतो, म्हणून कापडाच्या रंगासाठी मी अजूनही फ्लॅशच वापरतो. एलईडीच घ्यायचा असेल तर विक्रेत्याकडे आर९ चा आकडा मागा. तो टाळाटाळ करायला लागला तर काय समजायचं ते समजा.

आणि शेवटी फोटो जाणार कुठे? राणी गुलाबी आणि मोरपंखी हे रंग एसआरजीबीच्या (स्क्रीनवरच्या नेहमीच्या रंगांच्या) कुंपणाबाहेर जातात, सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत तर आणखीच आक्रसतात. ‘फोटोत साडी फिकी दिसते’ ही गिऱ्हाइकाची तक्रार बऱ्याचदा इथली असते. त्यावर उपाय म्हणजे प्रेसचं प्रोफाइल मागवून आधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईचे रंग स्क्रीनवरच, बघणं. त्यासाठी नवा कॅमेरा लागत नाही. कॅनव्हासच्या जिक्लीत परिस्थिती बरी असते, दहा-बारा शाईंचे प्रिंटर सीएमवायकेपेक्षा बरेच जास्त रंग छापतात.

सीसीडीबद्दल. पेन्टॅक्सचा २०१० चा ६४५डी, लायकाचा एस२, फेज वनचा पी४५+, हॅसलब्लाडचा एच४डी-४०, या सगळ्यांत कोडॅकचे सीसीडी होते आणि त्यांच्या फोटोंना एक छाप आहे, हे मी नाकारत नाही. पण ती छाप सीसीडी असण्याची नाही. सीसीडी आणि आताच्या कॅमेऱ्यांतला सीमॉस या फोटॉन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, रंगाशी दोघींचं काही देणंघेणं नाही. छाप येते ती वरच्या कलर फिल्टरच्या घडणीतून, इन्फ्रारेड अडवणाऱ्या काचेतून आणि त्या काळच्या प्रोफाइलमधून. फिल्टर बदलला की रंग बदलतो याचा दाखला फेज वननेच दिला. २०१७ मध्ये त्यांनी १०० मेगापिक्सेलच्या बॅकची ‘ट्रायक्रोमॅटिक’ आवृत्ती काढली. ती सीमॉसच होती, फक्त कलर फिल्टरची घडण बदललेली आणि बेस आयएसओ ३५. शिवाय सीसीडीच्या आठवणी ज्या फोटोंच्या आहेत ते बहुतेक स्टुडिओत, आयएसओ ५० किंवा १०० ला, उत्तम उजेडात, तयारीच्या माणसांनी काढलेले होते. त्याच बॅकला आयएसओ ८०० ला नेलं असतं तर आठवणी वेगळ्या असत्या. २०१४ मध्ये सोनीचा ५० मेगापिक्सेलचा सीमॉस फेज वनच्या आयक्यू२५०, हॅसलब्लाडच्या एच५डी-५०सी आणि ६४५झेड मध्ये आला आणि व्यावसायिकांनी पटापट उड्या मारल्या. रंग खरोखरच बिघडत असते तर त्यांनी हे केलं नसतं. जुना सीसीडी बॅक हौस म्हणून जरूर घ्या, मीही कुणाचा मिळाला तर वापरतो. धंद्यासाठी घेऊ नका. बॅटरी, सर्व्हिस, जुन्या फायरवायर केबल, सगळीकडे रडगाणं.

फेज वन आयक्यू४ चा तुम्ही उल्लेख केलेला नाही, त्यामुळे एवढंच सांगतो: संग्रहालयांच्या आणि हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनमध्ये तो जिथे शोभतो तिथे शोभतो. साडीला नको.

मग निवड कशावर करायची? इमेज क्वालिटी आणि रंग सोडून उरतं त्यावर. एक्स२डीच्या लेन्समध्येच लीफ शटर (लेन्सच्या आत उघडझाप करणारा) असतो, त्यामुळे फ्लॅश कुठल्याही शटर स्पीडला सिंक होतो. फुजीत फोकल प्लेन शटर (बॉडीत, सेन्सरसमोर), सिंक १/१२५. बंद स्टुडिओत १/१२५ भरपूर झाला. पण मॉडेलला साडी नेसवून भर दुपारी वाड्याच्या अंगणात शूट करत असाल तर लीफ शटरची किंमत कळते: उन्हाला शटरने दाबून फ्लॅश वर आणता येतो, एनडी फिल्टरची (उजेड कमी करणाऱ्या काचेची) खटपट नको. उलट एक्स२डीच्या बॉडीत शटरच नाही, म्हणून दुसऱ्या कंपनीची लेन्स अडॅप्टरने लावली की इलेक्ट्रॉनिक शटरवर अवलंबून राहावं लागतं. एक्स२डीत व्हिडिओ अजिबात नाही. आजकाल प्रत्येक साडीवाला रील मागतो, तेव्हा हा मुद्दा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. हॅसलब्लाडचा तो नैसर्गिक रंग पुरता हवा असेल तर फोकस या त्यांच्याच सॉफ्टवेअरमध्ये काम करावं लागतं. ते फुकट आहे आणि रंग सुरेख देतं, पण तीनशे साड्यांचा बॅच त्यात ढकलायचा म्हणजे जीव मेटाकुटीला येतो. जीएफएक्स मात्र कॅप्चर वन या सॉफ्टवेअरला टेदर करून (कॉम्प्युटरला थेट जोडून), गिऱ्हाइकाला शेजारी बसवून, दिवसभर शूट करता येतो. हातात धरायला, मेनू वापरायला एक्स२डी जास्त सुखाचा. एक टीबीची मेमरी आतच आहे, कार्ड विसरलं तरी अडत नाही. दोन्हींच्या १२० मॅक्रो १:२ पर्यंतच जातात, म्हणजे जरीचा एकेक धागा फ्रेमभर हवा असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब लागेल.

तुमच्या जागी मी असतो तर साड्या झेड ७ वरच ठेवल्या असत्या आणि पैसे आधी दिवे, चार्ट आणि चांगल्या कॅलिब्रेटेड मॉनिटरमध्ये घातले असते. कॅनव्हासचं काम महिन्याला नियमित येत असेल तर जीएफएक्स १००एस किंवा १००एस २, सोबत फुजीची जीएफ १२० मॅक्रो. पोर्ट्रेट आणि बाहेरचं फ्लॅशचं काम वाढवायचा विचार असेल आणि रील दुसऱ्या कॅमेऱ्यावर निघत असतील, तरच एक्स२डी.

घेण्याआधी दोन्ही एका दिवसासाठी भाड्याने आणा. सोबत तुमची सगळ्यात त्रास देणारी साडी घ्या, शक्यतो जांभळी किंवा मोरपंखी, आणि एक काळी. रॉमध्ये शूट करा, प्रत्येक लाइट सेटअपला चार्टचा एक फोटो घ्या, व्हाइट बॅलन्स दोन्हींवर चार्टच्या त्याच राखाडी चौकोनावरून घ्या आणि फायली एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. चार्ट जुना, बोटांचे डाग पडलेला असेल तर आधी तो बदला. वापराने आणि उजेडाने त्याचे चौकोन उडतात आणि मग सगळं माप चुकतं.